शिवलेली पत्रं

संगणकाच्या पडद्यावर ते पत्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मजकुराकडे माझं लक्षच गेलं नाही. अक्षर बारीक, भाषा फ्रेंच. नजर खिळली ती टाक्यांवर. कुणीतरी तो कागद फाडून त्याचे तुकडे केले होते आणि कुणीतरी ते तुकडे शेजारी शेजारी मांडून पुन्हा जोडले होते. काही ठिकाणी कागदाच्या पट्ट्या लावून, काही ठिकाणी चक्क सुईदोऱ्यानं.

माझी आई शिवणकाम करायची, त्यामुळे टाके निरखायची मला सवय आहे. कापड सुईला वाट करून देतं आणि सुई पुढे गेली की मिटतं. कागद तसं करत नाही. पाडलेलं भोक कायमचं राहतं. चुकलेला टाका उसवून परत घालायची सोय नसते आणि दोरा जरा जास्त ओढला की कागद चिरत जातो. ज्या हातांनी हे काम केलं ते घाईत नव्हते. खिडकीशी, चांगल्या उजेडात बसून, एकेक तुकडा जुळवून, मधली अक्षरं झाकली जाणार नाहीत याची काळजी घेत ते झालं असणार.

पत्र शार्लट ब्राँटेचं आहे. शार्लट म्हटलं की 'जेन एअर' आठवते, पण ती कादंबरी 1847 सालची. पत्रं त्याआधीची, 1844 आणि 1845 मधली. तेव्हा ती यॉर्कशरमधल्या हॉवर्थ गावच्या पाद्र्याची मुलगी होती, एवढीच तिची ओळख. 1842 साली ती आणि धाकटी बहीण एमिली ब्रसेल्सला गेल्या. घरची शाळा काढायची तर फ्रेंच पक्कं हवं, हा हेतू. मादाम हेगर यांच्या मुलींच्या निवासी शाळेत दोघी राहिल्या आणि मादामचे पती कॉन्स्टँटिन हेगर त्यांना साहित्य शिकवू लागले. शार्लट तेव्हा पंचवीस वर्षांची, हेगर तिच्याहून सात वर्षांनी मोठे. स्वभावानं तापट, पण शिकवण्यात जीव ओतणारे. शार्लटनं फ्रेंचमध्ये लिहिलेले निबंध आजही आहेत आणि त्यांच्या समासात हेगरांचे शेरेही आहेत. शब्द बदललेले, वाक्यं खोडलेली. मला वाटतं, आपलं वाक्य आपल्याइतक्याच गांभीर्यानं घेणारं माणूस तिला आयुष्यात पहिल्यांदा भेटलं होतं. ज्यांनी कधी मनापासून लिहिलं आहे त्यांना कळेल, की अशा माणसाचा लळा लागायला आणखी काही लागत नाही.

मावशी वारल्याची बातमी आली आणि त्याच वर्षाच्या शेवटी दोघी घरी परतल्या. पुढच्या जानेवारीत शार्लट एकटीच परत ब्रसेल्सला गेली. ते वर्ष तिला फार जड गेलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा रिकामी झाली, ती दिवसदिवस रस्त्यांवर भटकायची. एका संध्याकाळी, प्रॉटेस्टंट पाद्र्याची ही मुलगी, तिथल्या मोठ्या कॅथलिक चर्चमध्ये शिरली आणि अनोळखी धर्मगुरूसमोर गुडघे टेकून तिनं मन मोकळं केलं. एमिलीला ते तिनं पत्रातून कळवलं, आणि बाबांना सांगू नकोस असंही बजावलं. काय बोलली ते मात्र लिहिलं नाही. 1844 च्या पहिल्या दिवशी ती ब्रसेल्स सोडून निघाली.

त्यानंतरच्या पत्रांतली चार उरली आहेत. जुलै 1844 च्या पत्रात ती लिहिते, की फ्रेंच विसरेन या भीतीनं रोज अर्धं पान पाठ करते, कारण कधीतरी आपली भेट होईल आणि तेव्हा तुमच्यासमोर मला मुकं उभं राहायचं नाही. डोळे साथ देत नाहीत, नाहीतर एक पुस्तक लिहून माझ्या साहित्याच्या गुरुजींना, माझ्या एकुलत्या एका गुरुजींना अर्पण केलं असतं, असंही त्यात आहे.

8 जानेवारी 1845 चं पत्र मी भाषांतरातून किती वेळा वाचलं असेल याचा हिशेब नाही. महिनोन्‌महिने हेगरांचं उत्तर नव्हतं. तिच्या ओळखीचे टेलर भाऊबहीण ब्रसेल्सहून परतायचे होते. भाऊ आला. तिनं विचारलं, माझ्यासाठी पत्र आहे? नाही, काही नाही. तिनं स्वतःला समजावलं, थांब, त्याची बहीण यायची आहे अजून. बहीण आली. हेगरांकडून तुझ्यासाठी काही नाही; पत्रही नाही, निरोपही नाही. हे सगळं ती हेगरांनाच लिहून कळवते, जसंच्या तसं, त्या दोघांच्या तोंडच्या शब्दांत. पुढे ती म्हणते, की गरिबाला जगायला फार लागत नाही, श्रीमंताच्या पानावरून सांडलेले पावाचे चतकोर त्याला पुरतात. पण तेवढेही दिले नाहीत तर तो उपाशी मरतो. मलाही माझ्या माणसांकडून फार माया नको, पूर्ण, जिवाभावाची मैत्री मला पेलायचीही नाही, सवयच नाही त्याची.

शेवटचं पत्र 18 नोव्हेंबर 1845 चं. सहा महिन्यांतून एकदाच लिहायचं असं तिनं कबूल केलेलं होतं, म्हणून पत्राच्या सुरुवातीलाच ती तारखांचा हिशेब देते. मागचं पत्र बहुधा 18 मे रोजी गेलं, आज 18 नोव्हेंबर, म्हणजे मी शब्द मोडलेला नाही. ते मे महिन्यातलं पत्र आज नाही. या शेवटच्या पत्राच्या समासात पेन्सिलीनं खरडलेली एक नोंद आहे, हेगरांच्या हातची. एका चांभाराचं नाव आणि पत्ता.

आधी मला त्या नोंदीचा राग यायचा. आता येत नाही. ते शाळामास्तर होते, मोठा संसार होता, मुलाबाळांचे जोडे शिवायला टाकायचे असतील, हाताशी कागद हा होता. शार्लटच्या सहा महिन्यांच्या उपासाशेजारी त्यांच्या घरातला एक साधा दिवस येऊन बसला आहे, आणि एकाच कागदावर दोन्ही खरे आहेत.

पण ही पत्रं टिकली कशी? हेगर दांपत्याची मुलगी लुईझ हिनं पुढे सांगितलेली हकिगत अशी, की वडलांनी पत्रं वाचून फाडली आणि केराच्या टोपलीत टाकली. आईनं ती टोपलीतून वेचून काढली, जोडली आणि आपल्या दागिन्यांच्या पेटीत ठेवून दिली. 1890 साली मादाम हेगर वारल्या. लुईझनं पत्रं वडलांपुढे ठेवली. त्यांनी ती ओळखली, कपाळाला आठ्या घातल्या आणि परत टोपलीत टाकली. मुलीनं परत उचलली. 1913 साली मुलांनी ती ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकली, त्याच वर्षी जुलैमध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये ती छापून आली आणि आता ती ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

म्हणजे टोपलीतून दोनदा वाचली, आणि दोन्ही वेळा बाईच्या हातानं. त्यातला पहिला हात नवऱ्याच्या नावे दुसऱ्या बाईची पत्रं येताहेत हे पाहणाऱ्या बायकोचा. बहुतेक अभ्यासक म्हणतात, त्यांनी पुरावा म्हणून ठेवली. उद्या शाळेच्या नावाला बट्टा लागला तर दाखवता यावं, की प्रेम एकतर्फी होतं. पटतं मला ते. पण पुराव्याला टाके कशाला? तुकडे पाकिटात घालून ठेवले असते तरी पुरावा झाला असता. कागद शिवताना तुकडे जुळवावे लागतात आणि जुळवायचे तर शब्द न् शब्द वाचावा लागतो. त्या बाईनं ते चतकोर भाकरीचं वाक्य वाचलं असणार, एकदा नव्हे. वाचून तिला काय वाटलं याचा कुठेही कागद नाही. टाके आहेत.

एलिझाबेथ गॅस्केल शार्लटचं चरित्र लिहिण्यासाठी 1856 साली ब्रसेल्सला गेली तेव्हा मादाम तिला भेटल्याच नाहीत. हेगर भेटले. गॅस्केलला या पत्रांचा सुगावा लागला होता, पण शार्लटला जाऊन वर्ष-दीड वर्ष झालेलं, म्हातारे वडील आणि नवरा हयात. तिनं निवडक, निरुपद्रवी उतारे तेवढे घेतले आणि त्या वर्षांतल्या शार्लटच्या दुःखाला दुसरी कारणं दिली. चरित्रकार म्हणून ती चुकली असं म्हणतात. माणूस म्हणून तिच्या जागी मी काय केलं असतं, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

शार्लटबद्दल आपल्याला जे काही जवळून माहीत आहे त्यातलं निम्म्याहून जास्त मोडलेल्या एका वचनामुळे आहे. 1854 च्या जूनमध्ये तिनं वडलांचे सहायक पाद्री आर्थर बेल निकल्स यांच्याशी लग्न केलं. त्या ऑक्टोबरात ती मैत्रिणीला, एलन नसीला लिहिते, की आर्थर म्हणतात माझ्यासारखी पत्रं ठेवू नयेत, ती आगकाड्यांइतकी धोक्याची असतात. वाचून जाळून टाक. आर्थर शेजारी उभं राहून वाचत असताना ती हे लिहिते आहे, आणि त्या ओळींत तिला हसू येतंय हेही दिसतं. पण निकल्सना हसू येत नव्हतं. जाळण्याचं लेखी वचन दिलं नाही तर पत्रंच बंद, अशी अट पडली. एलननं वचन लिहून दिलं, मात्र तुम्ही तिच्या मजकुराला कात्री लावणार नसाल तर, ही उलट अट घालून. त्यानंतर पाच-सहा महिन्यांत, 31 मार्च 1855 ला शार्लट गेली. एलननं पत्रं जाळली नाहीत. शाळेत भेटल्यापासूनची, तीनशेहून जास्त पत्रं तिनं पुढची चार दशकं सांभाळली. दुसरी जिवलग मैत्रीण मेरी टेलर. शार्लटची अधिक परखड, अधिक मोकळी मतं तिच्याकडे जात असणार. तिनं जवळजवळ सगळी पत्रं नष्ट केली, मैत्रिणीला कुणी बोल लावू नये म्हणून. दोघींचं शार्लटवर प्रेम होतं. एकीनं ते पत्रं जपून दाखवलं, दुसरीनं नष्ट करून.

जेन ऑस्टिनच्या बाबतीत हे दोन्ही एकाच माणसानं केलं. जेन 1817 साली गेली. थोरली बहीण कॅसांड्रा आणखी 28 वर्षं जगली आणि मरणाच्या दोन-तीन वर्षं आधी तिनं बहिणीची पत्रं पुन्हा चाळून बरीचशी जाळली. काहींतून नेमक्या ओळी कात्रीनं कापून काढल्या. आज सुमारे 160 पत्रं उरली आहेत. लोक कॅसांड्रावर चिडतात. मला तिचा तो वेळ डोळ्यांपुढे येतो. सत्तरीकडे झुकलेली बाई शेगडीशी बसून आपल्या धाकट्या बहिणीचं अक्षर शेवटचं वाचते आहे, आणि प्रत्येक पानाला ठरवते आहे, ठेवायचं की नाही. आपल्याला राग येतो तो तिनं आपल्याला विचारलं नाही म्हणून. पण पत्रं आपल्याला लिहिलेलीच नव्हती, तिला लिहिलेली होती.

जेनच्या पिढीला पत्र महागही पडायचं. कागदाच्या संख्येवर आणि अंतरावर पैसे, तेही बहुधा घेणाऱ्यानं द्यायचे. म्हणून पान आडवं लिहून झालं की तेच पान फिरवून उभं, आधीच्या ओळींवरून लिहायचं. जाळीसारखी ती पानं वाचताना डोळे शिणतात. 1840 साली पेनीचं टपाल सुरू झालं, देशात कुठेही एका पेनीत पत्र, आणि माणसं जणू तोंड उघडल्यासारखी लिहू लागली.

शार्लटनं ते उपाशी पत्र 8 जानेवारीला लिहिलं. त्यानंतर दोनच दिवसांनी, 10 जानेवारी 1845 ला, लंडनमध्ये रॉबर्ट ब्राउनिंगनं एका अनोळखी कवयित्रीला लिहिलं, की तुमच्या कविता मला अगदी मनापासून आवडतात. एलिझाबेथ बॅरेट विंपोल स्ट्रीटवरच्या घरात आजारपणात पडून होती, कडक बापाच्या धाकात. तिचं उत्तर लगेच गेलं. पुढच्या वीस महिन्यांत दोघांनी एकमेकांना पावणेसहाशेच्या आसपास पत्रं लिहिली आणि ती जवळजवळ सगळी टिकली. आज ती अमेरिकेत वेल्स्ली कॉलेजात आहेत, आणि विंपोल स्ट्रीटच्या त्या घराचा दरवाजाही तिथेच आहे, ज्याच्या पितळी फटीतून ही पत्रं आत पडायची. त्या भल्या मोठ्या गठ्ठ्यातलं एक पत्र नाही. मे 1845 मध्ये दोघं प्रथम भेटले आणि त्यानंतर रॉबर्टनं आवेगानं एक पत्र लिहिलं. ते तिला फार वाटलं, तिनं परत पाठवलं, त्यानं जाळून टाकलं. सगळ्यात आधी प्रेम बोलून दाखवणारा कागद तोच. तो उरला असता तर बाकीच्यांची मला एवढी ओढ वाटली असती का, कुणास ठाऊक.

आणि एकानं तर होळीच केली. 3 सप्टेंबर 1860, केंटमधलं गॅड्स हिलचं घर. चार्ल्स डिकन्सनं वीस वर्षांत आलेली सगळी पत्रं घरामागच्या शेतात नेऊन पेटवली. थॅकरे, टेनिसन, कार्लाइल, सगळ्यांची. मुलं टोपल्या भरभरून आणत होती आणि शेवटी त्यांनी त्या राखेत कांदे भाजून खाल्ले. सुरुवात केली तेव्हा दिवस फार सुरेख होता, आटोपेपर्यंत मुसळधार पाऊस आला, माझ्याच पत्रांनी आभाळ झाकोळलं असणार, असं त्यानं दुसऱ्या दिवशी आपल्या सहकाऱ्याला लिहिलं. दोन वर्षांपूर्वी, 1858 साली, त्यानं बायकोला वेगळं केलं होतं. बावीस वर्षांचा संसार, दहा बाळंतपणं. मधे एलन टर्नन ही तरुण नटी आली होती. त्यांची ओळख झाली तेव्हा तो 45 वर्षांचा, ती 18 वर्षांची. तिची-त्याची पत्रं आज एकही नाहीत. डिकन्सची स्वतःची चौदा हजारांहून जास्त पत्रं जगभर सापडली आहेत, कारण ती दुसऱ्यांच्या घरी होती आणि तिथपर्यंत त्याची काडी पोचत नव्हती.

त्याची बायको कॅथरीन, तिच्या घरी पण होती. वेगळं होताना त्यानं चारचौघांत, छापील निवेदनं काढून स्वतःची बाजू मांडली. तिनं छापील एक अक्षर काढलं नाही. वाङ्‌निश्चयापासूनची त्याची पत्रं तिनं जपून ठेवली. 1879 साली मरणाच्या अंथरुणावर तिनं तो गठ्ठा मुलीच्या, केटच्या हातात दिला आणि सांगितलं, ही ब्रिटिश म्युझियमला दे, म्हणजे जगाला कळेल की एके काळी त्यांचं माझ्यावर प्रेम होतं.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. त्यातला 'एके काळी' हा शब्द सोसवत नाही. तिला सूड घ्यायचा नव्हता. त्याचं खोटं पाडायचं तर तीच पत्रं वापरता आली असती, पण तिनं मागितलं ते एवढंच, की ती वर्षं नव्हतीच असं कुणी म्हणू नये. 2019 साली हार्वर्डच्या संग्रहातली पत्रं एका इंग्रज प्राध्यापकानं बाहेर काढली. तिच्या शेजारी राहणाऱ्या एडवर्ड डटन कुक या लेखकानं एका मित्राला लिहिलेली. शेवटच्या दुखण्यात ती त्याच्याशी बोलली होती. कायद्यात बसलं नाही म्हणून, नाहीतर डिकन्सनं तिला वेड्यांच्या इस्पितळात टाकायचाही प्रयत्न केला होता, असं कुक लिहितो. म्हणजे तो गठ्ठा मुलीकडे देणाऱ्या बाईला हेही ठाऊक होतं. ठाऊक असून तिनं प्रेमाचीच पत्रं पुढे केली.

डिकन्सच्या कादंबऱ्या मी शाळेपासून वाचत आले आहे. त्या मला अजूनही प्रिय आहेत आणि हेही मला माहीत आहे. दोन्ही एकदम मनात ठेवायची सवय ही पत्रं लावतात. ती लावून घेणं कष्टाचं असतं.

पण या सगळ्यांत माझ्या सर्वांत जवळची कार्लाइल यांच्या घरची गोष्ट आहे. टॉमस कार्लाइल हा त्या काळचा मोठा विचारवंत, आणि त्याची बायको जेन ही, माझ्या मते, त्या शतकातली सर्वांत चांगली पत्रं लिहिणारी. तिनं पुस्तक लिहिलं नाही. चेल्सीच्या घरातले ढेकूण, मोलकरणी, शेजारचे कोंबडे, आवाज नको म्हणून नवऱ्यासाठी माळ्यावर बांधायला काढलेली खोली, हे सगळं ती पत्रांत असं काही मांडते की बाकी लेखकांची तोंडं उतरावीत. नवरा त्या काळात एका उमराव बाईच्या घरी वरचेवर जायचा. तिच्या बुद्धीवर, बैठकीवर तो लुब्ध होता आणि जेन झुरत होती. 1846 च्या जुलैत जेन रागावून लिव्हरपूलजवळ मैत्रिणीकडे जाऊन राहिली. 14 जुलै तिचा वाढदिवस. त्या दिवशी नवऱ्याचं पत्र यायचंच, इतक्या वर्षांचा शिरस्ता. ती स्वतः टपाल कचेरीत चालत गेली. पोस्टमास्तरीण म्हणाली, तुमचं काही नाही. जेन परत आली, खोलीचं दार लावून घेतलं. आता सगळं संपलं, असं तिनं मनाशी धरलं. नंतर कळलं, पत्र आलेलंच होतं, त्या बाईच्या नजरेतून सुटलं होतं. मग जेननं त्याला जे लिहिलं त्यात, दैवानं आज माझ्याशी केवढा क्रूर खेळ केला, म्हणून ती सगळं सांगते. कुठे लपवालपवी नाही.

त्या दोघांचं तसंच चालत राहिलं, बरंच वाईट आणि थोडं चांगलं. 21 एप्रिल 1866 च्या दुपारी ती बग्गीतून हाइड पार्कला गेली. कुत्र्याला पाय मोकळे करायला खाली सोडलं, त्याला दुसऱ्या गाडीचा धक्का लागला, तिनं उतरून त्याला उचलून घेतलं आणि परत बसली. गाडीवान फेऱ्या मारत राहिला. आतून काही हुकूम येईना म्हणून शेवटी त्यानं पाहिलं. ती गेलेली होती. कार्लाइल तेव्हा स्कॉटलंडमध्ये होता.

सत्तरी ओलांडलेला तो माणूस नंतर तिचे कागद घेऊन बसला. पत्रं आणि एक रोजनिशी, जी त्यानं कधी पाहिली नव्हती. तो उमराव बाईच्या घरी गेला ते दिवस त्या रोजनिशीत एकेक करून होते. त्यानं ते जाळलं नाही. तो प्रत्येक पत्राला टिपा लिहीत गेला. ही मोलकरीण कोण, हा पाहुणा कोण, तो उन्हाळा कसला होता, आणि मधेच कुठेतरी स्वतःच्या आंधळेपणाबद्दल हळहळ. पन्नाशीतल्या बायकोशी त्याचा जो संवाद राहून गेला तो सत्तरीनंतर समासातून होत होता. 1871 मध्ये त्यानं सगळी बाडं मित्राला, फ्रूडला सोपवली, आणि कार्लाइल गेल्यावर 1883 साली फ्रूडनं ती छापली. लोक फ्रूडवर तुटून पडले, थोर माणसाच्या घरातलं धुणं चव्हाट्यावर आणलं म्हणून. धुणं त्या थोर माणसानं स्वतःच हातात दिलं होतं, हे कुणाला ऐकायचं नव्हतं.

हे सगळं इतकी वर्षं वाचत असताना माझ्या घरच्या पत्रांकडे मी फिरकले नव्हते.

माझं आजोळ कोकणात. आजोबा मुंबईत नोकरीला, गिरगावात चारजणांत एक खोली. आजी गावी, मुलांना आणि गुरांना घेऊन. तिकडून मनिऑर्डर यायची आणि तिच्या कुपनावर दोन ओळींची जागा असायची, तीत आजोबा गिचमिड अक्षरात चार ओळी बसवायचे. माजघरात भिंतीला आकडा केलेली तार होती. वाचलेलं पत्र त्या तारेत ओवायचं. दुःखाची बातमी आणणारं कार्ड तेवढं वाचून फाडायचं, घरात ठेवायचं नाही. आजी गेल्यावर ती तार मावशीनं पत्र्याच्या ट्रंकेत घालून ठेवली, आणि गेल्या मे महिन्यात ट्रंक माझ्याकडे आली.

तारेवर सगळं व्यवहाराचं निघालं. भाताचे भाव, फी, कुणाचं बारसं. तळाशी मात्र एक आंतर्देशीय पत्र वेगळं होतं, तारेचं भोक नसलेलं. उभं-आडवं फाडून चार तुकडे केलेले आणि मागून चिकटवलेले. चिकटवायला वापरली होती टपाल तिकिटांच्या पानाच्या कडेची पांढरी, गोंदाची पट्टी. पूर्वी घरोघर त्या पट्ट्या जपून ठेवायचे. फाटलेली नोट, पुस्तकाचं पान, सगळं त्यानंच जोडायचे. एका कडेला तिकिटांची भोकं अजून अर्धी अर्धी दिसतात.

आईला विचारलं, हे कुणी फाडलं? आई म्हणाली, ''मला नाही बाई आठवत. आई काही फाडणाऱ्यातली नव्हती.'' मावशी काहीच बोलली नाही, पत्र हातात घेऊन बसून राहिली.

मी ते वाचलं. 'चि. सौ. हिस अनेक उत्तम आशीर्वाद' असा नेहमीचा मायना. पावसाआधी कौलं शाकारून घ्यावीत, त्याचे पैसे वेगळे पाठवतो. म्हशीला औषध दिलंत का. धाकट्याला शाळेत घालायला जन्मतारखेचा दाखला लागेल, तो तलाठ्याकडे नव्हे, ग्रामपंचायतीत मिळेल. ओळ न् ओळ दोनदा वाचली. फाडावं असं काही सापडेना.

मग लक्षात आलं की एक पट्टी मागून नव्हे, पुढून लावली आहे, सहीच्या जरा वर, आणि तिच्याखाली एक ओळ झाकली गेली आहे. पत्र खिडकीशी नेऊन उजेडासमोर धरलं तेव्हा ती लागली. 'यंदा गणपतीत येणं होईलसं दिसत नाही.'